एकसष्टपैकी एकसष्ट

तान्ह्या बाळांच्या आहाराच्या पाहणीचे फॉर्म त्या आरोग्य केंद्रात छपाईयंत्राच्या रिकाम्या खोक्यात ठेवलेले होते. खोकं कपाटावर, कपाट खिडकीला लागून, आणि खिडकीची एक काच फुटलेली. वरचे चाळीसेक फॉर्म उन्हाने पिवळे पडले होते आणि काहींवरची शाई उडून गेली होती. मुख्य कार्यालयातून आलेल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी स्टुलावर चढून ते खोकं खाली काढलं, तेव्हा केंद्रातल्या ताया एकमेकींकडे बघायला लागल्या. हे खोकं कधी कोणी खाली काढेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मॅडमना सहा आठवड्यांसाठी पाठवलं होतं. काम सांगितलं होतं ते असं: घरोघरी जाऊन फॉर्म भरणाऱ्या तायांना ती माहिती नीट ठेवायला, कॉम्प्युटरवर चढवायला आणि मुख्य म्हणजे स्वतः वापरायला शिकवायची. मॅडम सोळा वर्षं दुसऱ्यांनी भरलेल्या फॉर्मचे तक्ते बनवत होत्या. फॉर्म जिथे भरला जातो त्या घराचा उंबरा मात्र त्यांनी कधी ओलांडला नव्हता. ताया त्यांना पाठीमागे तक्तेवाल्या मॅडम म्हणत आणि दुसऱ्या आठवड्यापासून तोंडावरच म्हणायला लागल्या.

ताया चौघी होत्या. प्रत्येकीकडे वॉर्डाचा एकेक भाग. दर तीन महिन्यांनी आपल्या भागातल्या सहा महिन्यांच्या आतल्या प्रत्येक बाळाच्या घरी जायचं आणि आईला विचारायचं: काल दिवसभरात आणि रात्री बाळाला काय काय दिलं? अंगावरचं दूध, पाणी, वरचं दूध, आणखी काही. मग, जन्मापासून आजवर यातलं काय कधी एकदा तरी दिलं? शेवटी जन्मतारीख आणि वजन. फॉर्म दोन पानांचा, पंधरा मिनिटांचं काम. भरलेले फॉर्म गठ्ठा बांधून मुख्य कार्यालयाला जात, त्यांची एक प्रत खोक्यात जाई, आणि तायांचा त्यांच्याशी संबंध संपे. आपण गोळा केलेल्या माहितीचं पुढे काय होतं हे चौघींपैकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि कोणी सांगायलाही आलं नव्हतं.

पहिला आठवडा चुका शोधण्यात गेला. एक बाळ पुढच्या महिन्यात जन्मलेलं निघालं. एकाचं वजन एकतीस किलो होतं. दशांश चिन्ह द्यायचं राहून गेलं होतं, पण तायांनी त्या तान्ह्याचं नाव पैलवान ठेवलं आणि पुढे कुठलीही चूक सापडली की ‘आणखी एक पैलवान’ असं म्हणायची पद्धत पडली. मॅडमना विनोद करता येत नसे, पण पैलवान सापडला की त्या कागदावर बारीक फुली मारत आणि किंचित हसत.

चौघींत मोठ्या ताई म्हणजे सत्तावीस वर्षं नोकरी झालेल्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. वॉर्डात निम्म्या आया त्यांच्या हाताखालून गेलेल्या. काहींच्या तर आयाही. अंगावर कसं पाजायचं, बाळाला कसं धरायचं, कोणाचं ऐकायचं नाही, हे त्या दारात उभ्या राहून असं सांगत की शेजारच्या तीन घरांतही ऐकू जावं. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय थेंबभर पाणीही नाही, हे त्यांचं पालुपद होतं. त्यांच्या भागात सहा महिन्यांच्या आतली एकसष्ट बाळं होती आणि पाहणीनुसार एकसष्टच्या एकसष्ट फक्त अंगावरच्या दुधावर होती. बाकीच्या तिघींचे आकडे निम्म्याच्या आसपास घुटमळत. केंद्रप्रमुख डॉक्टर प्रत्येक बैठकीत एकसष्टचा दाखला देत. सगळ्यात धाकट्या ताईला, जिला सगळे नवी म्हणत, ते ऐकून मान खाली घालावी लागे, कारण तिचा आकडा सगळ्यात कमी होता.

मॅडमना एकसष्टपैकी एकसष्ट हा आकडा मुख्य कार्यालयातच खटकला होता. सोळा वर्षांत त्यांनी शंभर टक्के हा आकडा तीनदाच पाहिला होता आणि तिन्ही वेळा कुठेतरी काहीतरी चुकलेलं होतं. पण त्या कोणाला पकडायला आल्या नव्हत्या, आणि हे त्यांनी मनाशी पक्कं ठरवून ठेवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी फेरतपासणी सुरू केली. दर दहा फॉर्मांतला एक चिठ्ठी टाकून काढायचा आणि त्या घरी दुसऱ्याच कोणीतरी जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. तायांनी एकमेकींचे भाग वाटून घेतले. मोठ्या ताईंच्या भागात जायला मात्र कोणी तयार होईना. नवीने तर हातच जोडले. शेवटी ती सहा घरं मॅडमनी स्वतःकडे घेतली.

चौथ्या घरी त्या दुपारी पोचल्या. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दाराबाहेर चपलांचं लोखंडी स्टँड. तरुण बाईने दार उघडलं. खांद्यावर बाळ, मुलगी, नऊ आठवड्यांची, अंगाने बारीक. मॅडमनी ओळख सांगितली तशी ती बाई दारातच थबकली. मग आत घेतलं. बैठकीच्या खोलीत दोरीवर वजनकाट्याची कापडी झोळी धुऊन वाळत घातली होती आणि खुंटीला केंद्राची निळी पिशवी टांगलेली होती. हे मोठ्या ताईंचं घर होतं. ही त्यांची सून.

आपल्याच घरचा फॉर्म आपणच भरायचा नसतो, हा नियम होता. पण तो केंद्रात कोणी सांगितलेला नव्हता. मॅडमनी क्षणभर उठून जायचा विचार केला. मग चिठ्ठी निघाली ती निघाली, असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पहिल्या प्रश्नाला सुनेने लगेच उत्तर दिलं, फक्त अंगावरचं. पाणी? नाही. वरचं दूध? बाळाला तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“हे कोण वाचतं?” तिने विचारलं.

मॅडमनी सांगितलं, नाव आणि घराचा क्रमांक काढून टाकला जातो. उरतात ते नुसते आकडे.

“सासूबाई वाचतात?”

“त्यांना कळणार नाही,” मॅडम म्हणाल्या.

तेव्हा तिने सांगितलं. सहाव्या आठवड्यापासून ती दिवसातून दोनदा पावडरचं दूध देत होती. पाजताना तिचा जीव कासावीस व्हायचा. चिरा पडल्या होत्या, रक्त यायचं, आणि बाळ तोंड लावताच तिला रडू फुटायचं. बाळ मुळात सव्वादोन किलोचंही नव्हतं, त्यात ते ओढायचं थांबून झोपून जायचं. बाहेर सांगायची सोय नव्हती आणि घरात तर त्याहून नव्हती. सासूबाई सकाळी निघताना विचारायच्या, ‘फक्त अंगावरचंच देतेस ना?’ आणि ही हो म्हणायची. पाहणीचा फॉर्म भरतानाही त्यांनी तेवढंच विचारलं होतं, चप्पल घालता घालता. दुधाचा डबा तिचा नवराच आणून द्यायचा. तो बस डेपोत मेकॅनिक होता. डबा गरम कपड्यांच्या बॅगेत, स्वेटरच्या खाली असायचा.

मॅडमनी रकान्यात दोन हा आकडा लिहिला. दोन म्हणजे वरचं दूध. नियमाप्रमाणे काम इथे संपत होतं. पण त्यांनी दूध कसं बनवतेस ते विचारलं, आणि सुनेने सांगितलं की बाटलीभर पाण्यात अडीच चमचे, म्हणजे डबा जास्त दिवस पुरतो आणि आणायला सारखं सांगावं लागत नाही. मॅडम नर्स नव्हत्या. त्यांनी डबा बघायला मागितला, चष्मा लावला आणि मागच्या बाजूचा बारीक मजकूर मोठ्याने वाचला. तेवढ्या पाण्याला सपाट चार चमचे. त्यांनी ते दोनदा वाचलं.  सून म्हणाली, म्हणून तिचं वजन भरत नसेल. मॅडम म्हणाल्या की पातळ दुधावर वजन भरत नाही, आणि दुखण्यावर उपाय असतो, केंद्रात दाखवायला हवं. हे बोलतानाच केंद्रात म्हणजे कोणाला, हे दोघींच्याही लक्षात आलं आणि तो विषय तिथेच थांबला.

सहा घरांपैकी चार घरी उत्तरं जुळली नाहीत. दोघींनी पाणी दिलं होतं, दोघींनी वरचं दूध.

त्या आठवड्यात कॉम्प्युटरचं शिक्षण चालू होतं. मोठ्या ताई आधी त्या यंत्रापासून चार हात लांब बसायच्या. पण एकदा त्यांना ओळी चाळायची युक्ती कळली, हवा तो भाग निवडायचा, हवं ते वय निवडायचं आणि बाकीचं सगळं झाकून जातं, तेव्हा त्या जागच्या उठेनात. जेवणाच्या सुट्टीतही बसायच्या. माझ्या भागातल्या मुली किती, मुलगे किती, कमी वजनाची किती, असं स्वतःशीच बोलत त्या उत्तरं काढायच्या आणि वहीत लिहून ठेवायच्या. चौघींत सगळ्यात लवकर शिकल्या त्या त्याच.

मॅडमनी फेरतपासणीचा तक्ता सगळ्यांसाठी खुला ठेवला. नावं काढली, घरांचे क्रमांक काढले. तायांनी आपापल्या भागातल्या न जुळलेल्या ओळी शोधायच्या आणि प्रश्न कुठे चुकला असेल त्याचा विचार करायचा, असा त्या दिवसाचा धडा होता.

मोठ्या ताईंनी आपला भाग निवडला. न जुळलेल्या ओळी निवडल्या. पडद्यावर चार ओळी राहिल्या. मॅडम समोरच्या टेबलाशी नवीला काहीतरी दाखवत होत्या. वर पाहिलं तेव्हा मोठ्या ताईंचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि ते आडवं सरकत होतं. मुलगी. जन्माचं वजन दोन किलो दीडशे. जन्मतारीख. ते बोट तारखेवर थांबलं, आणि मॅडमच्या ध्यानात आलं की तारखेचा रकाना त्यांनी तसाच ठेवला होता. आपल्या नातीची तारीख कोणत्या आजीला ओळखू येणार नाही.

मोठ्या ताईंनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

“मॅडम, दोन म्हणजे वरचं दूध ना?”

“हो.”

“आणि हे पुढचं, सहा. म्हणजे सहाव्या आठवड्यापासून.”

मॅडम हो म्हणाल्या.

“मग माझे एकसष्ट सगळे असेच असतील.”

सहांवरून एकसष्टांचं सांगता येत नाही, असं मॅडमनी सांगितलं. ते खरं होतं, पण त्याने काही फरक पडला नाही. मोठ्या ताईंनी तक्ता बंद केला, खुर्ची टेबलाखाली सारली, निळी पिशवी घेतली आणि ठरलेल्या घरभेटींना निघून गेल्या. त्या दुपारी त्यांच्या पाच भेटी होत्या आणि त्यांनी पाचही केल्या.

मॅडम त्याच दुपारी परत तिसऱ्या मजल्यावर गेल्या. सासू घरी यायच्या आत सुनेला हे कळायला हवं, एवढंच त्यांना सुचत होतं. दार उघडल्यावर त्यांनी आत न जाता सांगून टाकलं.

“तुम्ही म्हणालात नाव जात नाही,” सून म्हणाली.

“नाव गेलं नाही. तारीख राहिली. चूक माझी आहे.”

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. ती चिडली नाही की रडली नाही. तिने दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मॅडम जिना उतरल्या. त्या रात्री त्यांनी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यात काय घडलं, कोणाकडून घडलं आणि कोणता रकाना यापुढे काढून टाकायला हवा, हे सगळं होतं.

घरी पुढे काय झालं ते मोठ्या ताईंनी नंतर, तेही तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. दोन दिवस त्या काहीच बोलल्या नाहीत. सूनही बोलली नाही. मुलगा मध्ये सापडून वेळेआधीच कामावर जायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवीतून कोरा फॉर्म काढला, सुनेसमोर जमिनीवर बसल्या आणि घरोघरी विचारायचा तो प्रश्न छापलाय तसा वाचला. काल दिवसभरात आणि रात्री बाळाला काय काय दिलं? सून म्हणाली, तुम्हाला ठाऊक आहे, आई. मोठ्या ताई म्हणाल्या, मला ठाऊक नाही, मी कधी विचारलंच नाही.

मग सुनेने सांगितलं. मोठ्या ताईंनी लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्यांनी तिला दाखवायला सांगितलं आणि चिरा पाहिल्या. सत्तावीस वर्षांत त्यांनी असल्या चिरा शेकडो पाहिल्या होत्या आणि बाळ धरायची पद्धत जराशी बदलली की चारेक दिवसांत त्या भरून येतात हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. स्वतःच्या घरात ते तीन आठवडे चाललं होतं.

पुढच्या बैठकीत मोठ्या ताईंनी सांगितलं की त्यांच्या भागातली एकसष्टही घरं पुन्हा विचारायची, पण त्यांनी नाही, दुसऱ्या कोणीतरी. माझ्यासमोर त्या खरं बोलणार नाहीत, म्हणाल्या. मी प्रश्न विचारत नव्हते, उत्तर सांगत होते. शेवटी ‘ना’ लावला की समोरची दुसरं काय म्हणणार. नवीने विचारलं, मग मी जाऊ का. मोठ्या ताई म्हणाल्या, तूच जा, तू बसतेस लोकांकडे.

नवीचा आकडा का कमी होता, तेही त्या दिवशी बोलता बोलता निघालं. ती प्रत्येक घरी खाली बसायची आणि एकेक वस्तू वेगळी विचारायची, पाणी वेगळं, दूध वेगळं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. तिच्या भागात आया जास्त चुकत नव्हत्या. त्या तिला सांगत होत्या.

नवीने आठ दिवसांत एकसष्ट घरं केली. त्यातली सत्तावीस बाळं फक्त अंगावरच्या दुधावर निघाली. डॉक्टर नाराज झाले. अहवालात जुनाच आकडा ठेवावा, नव्याचं पुढच्या तिमाहीत बघू, असं त्यांचं म्हणणं पडलं. मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले, खाली कारण लिहिलं आणि सही केली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि पुढे सरकवला.

मग मॅडमनी तायांना सगळ्या वॉर्डाचा तक्ता वयाप्रमाणे लावायला सांगितला. एकेका आठवड्याची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत किती आया फक्त अंगावर पाजतात. चौघी पडद्याभोवती उभ्या राहिल्या. पाचव्या आठवड्यापर्यंत आकडा जेमतेम हलत होता. पाचव्या आणि आठव्याच्या मध्ये तो कड्यावरून पडल्यासारखा खाली आला होता. तायांच्या घरभेटी ठरलेल्या होत्या पहिल्या आठवड्यात आणि मग थेट तिसऱ्या महिन्यात.

“आपण जातो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं,” मोठ्या ताई म्हणाल्या.

त्यांनी त्याच दुपारी चौघींचं वेळापत्रक खोडून नवं लिहिलं. चौथ्या आठवड्याच्या शेवटी एक भेट वाढवली. तिच्यासाठी वेळ कुठून काढायचा यावर बराच खल झाला, आणि तिसऱ्या महिन्याच्या भेटीतलं लांबलचक भाषण कमी करायचं ठरलं. ते भाषण मोठ्या ताईंचंच होतं, त्यामुळे कोणाला फारसं बोलावं लागलं नाही.

मॅडमच्या पत्राला मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं. त्यांना समज देण्यात आली होती आणि जन्मतारखेऐवजी फक्त वयाचे आठवडे ठेवावेत अशी सूचना सगळ्या केंद्रांना निघाली होती. समजेचा कागद त्यांनी आपल्या फाइलला स्वतः लावला.

सहाव्या आठवड्यात सून बाळाला घेऊन वजनाला केंद्रात आली. मोठ्या ताई बाहेर होत्या. नवीने झोळी अडकवली, काटा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि आकडा सांगितला, चार किलो शंभर. तीन आठवड्यांत आठशे ग्रॅम. सुनेने चिरा भरल्याचं सांगितलं, आता बाटली एकदाच, झोपायच्या आधी, तीही नवरा पाजतो, आणि चमचे मोजून. ती कामावर परत जायची तारीख जवळ आली होती. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तिची नोकरी होती, आणि तिथे दूध काढायला आडोसा मिळेल का याची चौकशी सासूबाई करत होत्या. हे सगळं ती नवीशी बोलत होती. मॅडम तिथून दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. जाताना सुनेची नजर त्यांच्यावर पडली, पण ती थांबली नाही. मॅडमनीही हाक मारली नाही.

मॅडम परत गेल्या. पुढच्या तिमाहीचे गठ्ठे मुख्य कार्यालयात आले तेव्हा या केंद्राचे फॉर्म त्यांनी स्वतःकडे मागून घेतले. पैलवान एकही नव्हता. फक्त चौघींच्याही फॉर्मवर, सगळ्यात जास्त मोठ्या ताईंच्या, समासात छोट्या अक्षरांत काहीबाही लिहिलेलं होतं. दुखतं. दुखत नाही. दुखतं, डावीकडे. मॅडमनी फोन करून सांगितलं की समासातलं कॉम्प्युटरवर चढवता येत नाही, त्याला रकाना नाही.

“मग रकाना करा,” मोठ्या ताई म्हणाल्या.

रकाना करायला अकरा महिने आणि तीन बैठका लागल्या. एका बैठकीत विचारलं गेलं की हा प्रश्न आहाराच्या पाहणीत बसतो का. मॅडमनी समासातल्या नोंदी हाताने मोजून नेल्या होत्या, त्यांनी तो कागद फिरवला. पहिल्या पानाच्या तळाशी एक ओळ वाढवायला मंजुरी मिळाली: पाजताना दुखतं का? हो किंवा नाही.

पहिल्याच तिमाहीत दर तीन फॉर्मांपैकी एकावर हो आलं.